हॉब्सन, जॉब्सन आणि आजी

जाड पुस्तकांविषयी माझं मत फारसं वरचं नाही. ती वाचण्यासाठी नसून असण्यासाठी असतात, असं मी वर्षानुवर्षं मानत आलो आहे. घरात ज्ञानकोशाचा एखादा खंड असला की आल्यागेल्यावर जरा वजन पडतं. आणि आलंगेलं कुणी नसेल तेव्हा उन्हात घातलेल्या पापडांवरचं फडकं उडू नये म्हणून तेच वजन गच्चीत नेता येतं. तेव्हा वीसेक वर्षांपूर्वी, निवृत्तीला चार-सहा महिने उरले असताना, फोर्टातल्या फुटपाथवर मी हजाराहून अधिक पानांचं एक इंग्रजी धूड विकत घेतलं, त्यात माझा काही वाङ्मयीन हेतू होता असं कुणी समजू नये. पाऊस आला होता. छत्री घरी होती. पुस्तकवाल्याच्या ताडपत्रीखाली दहा मिनिटं फुकट उभं राहिल्याची लाज वाटून मी समोर होतं ते पुस्तक उचललं, आणि मी ते खाली ठेवायच्या आत त्यानं ते कागदात गुंडाळलं.

घरी आल्यावर सौ.नं कागद सोडला आणि नाव वाचलं.

“हॉब्सन-जॉब्सन? हे दोघे कोण?”

खरं सांगायचं तर मलाही ते नाव स्टोव्हच्या पिना विकणाऱ्या एखाद्या जुन्या कंपनीचं वाटलं होतं. पण बायकोसमोर अज्ञान कबूल करण्याची आमच्या घराण्यात पद्धत नाही. “मोठे विद्वान होते,” मी म्हणालो. “सख्खे भाऊ.”

हे दोन्ही खोटं निघालं. हॉब्सन नावाचा कुणी नव्हता आणि जॉब्सनही नव्हता. पुस्तक लिहिणारे दोघे वेगळेच. एक हेन्री यूल. बंगालच्या लष्करात इंजिनियर होता आणि पुढे मार्को पोलोच्या प्रवासाचं इंग्रजी भाषांतर करून नावाजला. दुसरा आर्थर बर्नेल, मद्रासकडचा सनदी नोकर, न्यायाधीश आणि संस्कृतचा पंडित. तंजावरच्या आपल्या मराठे राजांच्या वाड्यात जो संस्कृत हस्तलिखितांचा ढीग होता, त्याची सूची याच बर्नेलनं केली. दोघांनी वर्षानुवर्षं पत्रं लिहून शब्द जमवले. हिंदुस्थानात राहून राहून साहेबाच्या इंग्रजीत जे विचित्र, अनवट शब्द शिरले होते, त्यांचा हा कोश. बर्नेल १८८२ साली गेला, तेव्हा तो जेमतेम बेचाळीस वर्षांचा होता. यूलनं काम पुरं केलं आणि १८८६ साली पुस्तक निघालं. १९०३ साली विल्यम क्रुक यानं त्याची वाढवलेली आवृत्ती काढली. माझ्या गळ्यात पडली ती हिचीच पुढची छपाई. मुखपृष्ठावर पुस्तकाचं वर्णन करणारी जी लांबलचक विशेषणं आहेत, त्यांतलं शेवटचं विशेषण चक्क ‘विषयांतर करणारा’ अशा अर्थाचं आहे. आपण भरकटणार आहोत हे मुखपृष्ठावरच कबूल करणारा कोशकार मी तरी दुसरा पाहिलेला नाही. तिथेच माझा या गृहस्थांवर लोभ जडला.

आता नावाची कथा. मोहरमच्या मिरवणुकीत शोक करणारे लोक छाती पिटत ‘या हसन! या हुसैन!’ असा आक्रोश करतात. गोऱ्या शिपायांच्या कानाला ते काही झेपेना. आधीच्या प्रवाश्यांनी त्याचं ‘होसीन-गोसीन’ केलं होतं, कुणी ‘हॉसी-गॉसी’ केलं होतं. शिपायांनी घासून घासून अखेर त्याचे दोन इंग्रज गृहस्थ बनवले: हॉब्सन आणि जॉब्सन. परक्या भाषेतला शब्द आपल्या जिभेच्या मापाचा करून घ्यायचा आणि तो जणू आपल्याच घरचा होता असं दाखवायचं, या खोडीचा तो नमुना म्हणून यूलनं तेच नाव पुस्तकाला दिलं. पुढे भाषाशास्त्रज्ञ या खोडीला ‘हॉब्सन-जॉब्सनचा नियम’ म्हणू लागले. साहेबानं चूक केली की तिचा नियम होतो, हा त्यातला पोटनियम.

कोश हातात पडला की माणूस पहिल्यांदा काय शोधतो? लोक काहीही सांगोत, माणूस आपलं गाव शोधतो. मी वसईचा. वसईला साहेब ‘बेसीन’ म्हणत. आमच्या स्टेशनावर ‘बेसीन रोड’ अशी पाटी होती ती मला आठवते. लहानपणी मला वाटायचं, हात धुवायच्या भांड्याला लोक आमच्या गावाचं नाव का देतात? तेव्हा मी ‘बेसीन’ काढलं. यूलसाहेब सांगतात, हे एक नाव नव्हे. तीन निरनिराळ्या गावांच्या नावांची ही एकच मोडतोड आहे. पहिलं आमची वसई, जिचं पोर्तुगिजांनी ‘बासाईं’ केलं होतं. दुसरं ब्रह्मदेशात, इरावतीच्या मुखाजवळचं बंदर. आणि तिसरं? तिसरं वऱ्हाडातलं वाशीम!

मी थक्क झालो. वसई समुद्रकाठी, वाशीम कापसाच्या मुलखात. मध्ये अख्खा महाराष्ट्र आडवा. वसईची केळी आणि वाशीमचा कापूस एकाच नावाच्या पोत्यात भरून साहेब मोकळा झाला. १५३४ साली गुजरातच्या बहादुरशहानं वसई पोर्तुगिजांना दिली, १७३९ साली चिमाजीअप्पांनी ती जिंकली, १८०२ साली दुसऱ्या बाजीरावानं इथंच इंग्रजांशी तह करून मराठी राज्याच्या गळ्यात दोर अडकवला. एवढं सगळं सोसलेल्या गावाला स्वतःचं असं एक नावसुद्धा मिळू नये? पण मौज अशी, की ही तक्रार मी करायच्या आधी यूलनंच करून ठेवली आहे. आपल्या जातभाईंनी कुठली नावं कशी पिंजली, हे तो न लाजता सांगतो. चोराच्या घरातच पोलीस पाटील जन्मावा, तसा हा प्रकार.

पुढचे तीन महिने मी विरार फास्टमध्ये हॉब्सन-जॉब्सन वाचलं. विरारच्या गाडीत मांडीवर एवढं पुस्तक घेऊन बसणं म्हणजे दोन माणसांची जागा अडवणं. बोरिवलीला चढणाऱ्या एका तरुणानं सहानुभूतीनं विचारलं, “काका, या वयात परीक्षा?” पण मला आता कुणाची पर्वा नव्हती. मी खजिन्यात शिरलो होतो.

‘अप्पर रॉजर’ हा शब्द घ्या. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या एखाद्या रॉजरचं नाव वाटतं की नाही? तो आहे आपला ‘युवराज’. ब्रह्मदेशातून १७५५ साली एका कप्तानानं लिहिलेल्या पत्रात तो सापडतो. बिचारा राजपुत्र! ‘ग्रास-कटर’ ऐकून आपल्याला गवत कापणारं यंत्र आठवेल. तो घोड्यासाठी गवत आणणारा नोकर, म्हणजे ‘घासकाटा’. साहेबानं नुसतं ऐकून लिहिलं आणि योगायोगानं अर्थही जुळला. ‘शाम्पू’ हे आपलं ‘चांपो’. न्हाव्याला केलेली आज्ञा बाटलीत भरून आपल्यालाच विकली जाते, आणि आपण ती दोन बाटल्यांवर एक मोफत मिळते म्हणून घेतो. ‘बंगलो’ आणि ‘कॉट’ हे आपले बंगला आणि खाट. शाळेत मास्तरांनी ‘मंगूज’चं अनेकवचन चुकलं म्हणून माझ्या हातावर छडी मारली होती. तो ‘मंगूज’ म्हणजे आपलं मुंगूस, असं पन्नाशी उलटल्यावर कळलं. आपल्याच वाडीतल्या मुंगसाचं अनेकवचन चुकलं म्हणून मी मार खाल्ला होता. आता मास्तर नाहीत, आणि मुंगूसही दिसेनासं झालं आहे; त्याच्या वाडीत आता सात मजली इमारत आहे.

उलटही होतं. ‘टिफिन’ हा शब्द आपला, यावर मी कुणाशीही पैज लावली असती. माझी उभी नोकरी त्या डब्यावर झाली. पण यूल-बर्नेल म्हणतात, हा शब्द इंग्रजीच आहे. अवेळी घोट-दोन घोट पिण्याला, अधूनमधून चरण्याला इंग्लंडच्या बोलीत जे म्हणत, त्यातून तो आला. तिकडे तो मेला आणि इकडे आपल्या डब्यात बसून जगला. ‘टँक’चं तर भांडणच आहे. आपलं ‘टाकं’ खरं, की पोर्तुगीज ‘तांक’ खरं? दोन्ही भाषांत जवळजवळ एकच शब्द, आणि मुळं वेगळी. कोशकार दोन्ही पक्षांचं ऐकून घेतात आणि आपल्या कोर्टात जसं होतं तसं निकाल न देता पुढच्या शब्दाकडे वळतात.

आणि बोंबील! आमच्या अर्नाळ्याच्या, पाचूबंदरच्या किनाऱ्यावर बांबूच्या आडव्या काठ्यांवर वाळत घातलेला, वारा फिरला की अर्ध्या तालुक्याला आपली ओळख देणारा आमचा बोंबील, या कोशात मानानं बसला आहे. ‘बमेलो’ असं त्याचं साहेबी नाव, आणि मराठीत ‘बोंबील’ असा दाखला. १६७३ चा फ्रायर नावाच्या डॉक्टरचा उतारा दिला आहे: माझगाव हे मच्छीमारांचं गाव, तिथला हा मासा प्रसिद्ध आणि गरीबगुरिबांचा त्यावर निर्वाह. वाळवला की त्यालाच ‘बॉम्बे डक’ म्हणत. आता आपल्याकडचा प्रत्येक जाणकार सांगतो, की मुंबईच्या डाकगाडीतून सुके बोंबील जात, डब्यांना वास लागे, म्हणून ‘बॉम्बे डाक’ आणि त्याचं ‘डक’. मीही ही गोष्ट कितीदा तरी रंगवून सांगितली आहे. फक्त एक अडचण आहे. आपल्याकडे पहिली आगगाडी धावली १८५३ साली, आणि हे नाव त्याच्या कितीतरी आधीच्या पुस्तकांत छापलेलं सापडतं. गाडी यायच्या आधीच गाडीचा वास आला होता म्हणायचं! चांगल्या व्युत्पत्तीचं असंच असतं. ती जितकी चटकदार, तितकी खोटी असण्याचा संभव अधिक.

हा रोग खुद्द या कोशालाही आहे. इंग्रज माणूस चिडून ‘मला त्याची काडीची पर्वा नाही’ अशा अर्थी जे ‘डॅम’ म्हणतो, ते मुळात आपलं ‘दाम’, म्हणजे दमडीची किंमत नाही, असं यूल सुचवतो. वाचताना मला भारी आनंद झाला. साहेबाची शिवीसुद्धा आपलीच! पण पुढच्या अभ्यासकांनी ते मानलेलं नाही. ती शिवी अस्सल इंग्रजीच आहे. उत्तम गोष्टीला इंग्रजीत ‘चीज’ म्हणत, तोही शब्द आपलाच, असं यूलला वाटतं. तिथे मात्र बरेच जण त्याच्या बाजूनं आहेत. म्हातारा क्वचित घसरतो, पण घसरताना पुरावा हातात धरून घसरतो. प्रत्येक शब्दाखाली साल आणि उतारा, साल आणि उतारा. कोण कधी काय म्हणालं ते त्याच्याच शब्दांत. त्यामुळे तुम्ही त्याच्या निकालाशी भांडू शकता, आणि भांडणाचं साहित्यही तोच पुरवतो. मधूनच तो स्वकीयांनाही झापतो. खिचडीचं ‘केजरी’ करून इंग्लंडात न्याहारीला शिळे मासे घालून देतात. हे चूक आहे, मासे खिचडीबरोबर खातात, खिचडीत नव्हे, असं तो ठणकावतो. आमच्या घरी एवढ्या ठामपणानं फक्त सौ. बोलते.

एवढं कौतुक झाल्यावर आता टीकाकाराचं कर्तव्य केलं पाहिजे. महिनाभर वाचल्यावर मला एक गोष्ट टोचू लागली. या कोशात आपल्या तोंडचे हजारो शब्द आहेत, पण ते बोलणारं तोंड नाही. उतारे बहुतेक सगळे प्रवाशांचे, व्यापाऱ्यांचे, लष्करी अंमलदारांचे. शब्द पाहावेत तर आया, भिस्ती, प्यून, ग्रास-कटर. बरेचसे शब्द हाक मारण्याचे नाहीतर हुकूम सोडण्याचे. ‘चिट’ म्हणजे आपली चिठ्ठी. पण तिचा एक खास अर्थ, साहेबानं नोकराला दिलेला वागणुकीचा दाखला. ‘बॉय’ म्हटलं की आपल्याला पोरगा आठवतो. दक्षिणेत तो पालखी वाहणारा भोई होता, मग त्याची मिशी पांढरी का असेना. ‘कुली’ शब्दाखाली तर मी थांबलोच. त्याचं मूळ पश्चिम किनाऱ्याकडच्या कोळी लोकांच्या नावात असावं, असा कोशकारांचा कयास आहे. तमिळमध्ये ‘कूलि’ म्हणजे मजुरी, तेही त्यात मिसळलं असेल. कयास खरा असो वा खोटा, पण ज्यांनी वादळात होड्या घातल्या त्यांच्या नावाचा अर्थ ‘ओझी उचलणारा’ असा होऊ शकतो, आणि त्याची नोंद इतक्या शांतपणे करता येते! विद्वत्ता थोर खरी, पण ती व्हरांड्यातल्या आरामखुर्चीत बसून केलेली आहे. त्या खुर्चीतून अंगण चांगलं दिसतं, माजघर दिसत नाही.

आणि ‘होम’ हा साधा शब्दही या कोशात आहे. अर्थ काय दिला आहे? हिंदुस्थानातल्या साहेबाच्या बोलण्यात ‘होम’ म्हणजे इंग्लंड. बस्स. चाळीस-चाळीस वर्षं इथं राहिलेली माणसं, इथलं खाल्लेली, इथं मुलं पुरलेली, आणि घर म्हणजे तिकडे. त्या नोंदीवर मला हसू आलं नाही. माझी सगळी मुलं परदेशात आहेत. तीही ‘घरी येतो’ म्हणतात. पण हल्ली घरी म्हणजे नेमकं कुठं, ते मी विचारत नाही.

असो. हा कोश मी मिटला असता आणि पापडांकडे रवाना केला असता. पण एक दिवस ‘बॉबरी-बॉब’ हा शब्द सापडला. हा आहे आपला ‘बाप रे बाप!’. आश्चर्याच्या किंवा दुःखाच्या वेळी हिंदू लोक बापाला हाक मारतात, असं कोशकार सांगतात. आणि लगेच आठवण देतात, की त्यांचा एक स्कॉटिश मित्र अशा वेळी आपल्या पणजीला हाक मारायचा. भाईंदरच्या पुलावर गाडी होती. मी एकटाच मोठ्यानं हसलो. आणि हसता हसता मला माझी आजी आठवली.

माझी आजी शाळेत गेली नव्हती. वाडीतली फुलं आणि विड्याची पानं टोपलीत भरून पहाटेच्या गाडीनं दादरला जाणाऱ्या ज्या बायका असत, त्यांतली ती एक. तिचं सगळं इंग्रजी गाडीत आणि फलाटावर झालं. आता ‘फलाट’ म्हणजे काय? प्लॅटफॉर्म. हातपाय तोडून, मराठी लुगडं नेसवून, आपला केलेला. स्टेशनला ती टेसन म्हणे, इंजिनाला इंजान, सिग्नलला सिंगल, तिकीट तपासनिसाला टिशी. दिव्यात घालायचं ते घासलेट. तोही मूळचा इंग्रज, गॅसलाइट. वकिलाला बालिस्टर, लष्करात नव्यानं भरती झालेल्याला रंगरूट, तिच्या नातवाच्या पँटीला पाटलोण. आणि जे शब्द तिला शुद्ध मराठी वाटत, ती चावी, ते घमेलं, ती परात, तो बटाटा, तो पाव, शर्टाचं काज, दाराची बिजागरी, ते पोर्तुगीज गेले तेव्हा वसईत विसरून गेले होते. दोनशे वर्षांचं भाडं म्हणा हवं तर. ती पगार म्हणे आणि तुरुंग म्हणे तेव्हाही तोंडात पोर्तुगीजच असे.

१९६९ ची गोष्ट. मला फोर्टातल्या एका कचेरीत नोकरी लागून वर्ष झालं होतं. घरात इंग्रजी बोलणारा मी पहिलाच, आणि ते मी कुणाला विसरू देत नसे. एका रविवारी कचेरीतले चार-पाच सहकारी वसईचा किल्ला पाहायला आले. बरोबर आमचे साहेबही होते. किल्ला पाहून सगळे घरी आले. आजीनं चहा केला, ताटलीत सुकेळी ठेवली. सुकेळी म्हणजे आमच्या राजेळी केळ्यांची वाळवण. साहेबांनी ती मिटक्या मारत खाल्ली, आणि कुणीतरी सहज विचारलं, “आजी, तुम्ही मुंबईला येता का?”

झालं. आजी दाराशी पदर सावरून बसली आणि सांगू लागली. विरारला विजेची गाडी आली १९३६ साली. ही गोष्ट त्याच्याही आधीची. श्रावणातला पाऊस. फुलं विकून बायका दादरहून परत निघालेल्या. “इंजान गप. सिंगल पडंना. फलाटाखाली गुडघाभर पाणी. पोरगं घरी तापानं फणफणलेलं. मी म्हणलं टिशीला—”

मंडळी हसत होती. गोष्टच ती तशी सांगत होती, हातवारे करून. आज मला वाटतं, ते गोष्टीला हसत होते. तेव्हा मला वाटलं, ते तिच्या इंग्रजीला हसताहेत. कानशिलं तापली माझी.

“आजी, सिंगल नव्हे, सिग्नल,” मी म्हणालो. “आणि फलाट काय म्हणतेस? प्लॅटफॉर्म.”

“बरं,” आजी म्हणाली. क्षणभर थांबली. मग “चहा थंड होतोय” म्हणून आत गेली.

गोष्ट तिथंच राहिली. त्यानंतर दहा-अकरा वर्षं आजी होती. पण माझ्यासमोर इंग्रजी शब्द आला की मध्येच थांबून विचारी, “हे बरोबर बोलले ना रे?” हळूहळू तिनं ते शब्द वापरणंच कमी केलं. टेसनाला ‘तिकडं’ म्हणू लागली. ते तापानं फणफणलेलं पोर म्हणजे माझे वडील असणार. त्या रात्री आजी घरी कशी पोचली, टिशीला काय म्हणाली, मी कधी विचारलं नाही. वडिलांना विचारावंसं वाटलं तेव्हा तेही नव्हते.

आता सांगा, युवराजाचा ‘अप्पर रॉजर’ करणारा कप्तान आणि प्लॅटफॉर्मचा फलाट करणारी माझी आजी, यांत फरक काय? दोघांनी एकच केलं: ऐकलं, तोंडाला बसेल तसं घडवलं आणि कामाला लावलं. साहेबाच्या चुकीला हजार पानं, दोन पंडित, साल आणि उतारा. आजीच्या चुकीला मी. भाषा शुद्ध करणारे कोश आपल्याकडे शिवकाळापासून आहेत. फारसी शब्द काढून संस्कृत घालणारा राज्यव्यवहारकोश महाराजांच्याच वेळचा. पुढे सावरकरांनी महापौर आणि दिनांक दिले, ते आपण रोज वापरतो. त्याबद्दल आदरच आहे. पण अशुद्ध बोलणाऱ्यांचा, हसत हसत केलेला, सालांसह आणि उताऱ्यांसह एवढा जाडजूड कोश मराठीत माझ्या पाहण्यात नाही. हॉब्सन-जॉब्सनवरची माझी सगळ्यांत मोठी टीका ही, की असलं पुस्तक त्यांनी केलं आणि आपण केलं नाही. ही टीका त्यांच्यावर होत नाही, हे मला कळतं.

गेल्या मे महिन्यात नात आली होती. दहा वर्षांची, तिकडच्या शाळेतली. मी तिला आमच्या कचेरीच्या कँटीनची गोष्ट सांगत होतो. त्यात ‘व्हेजिटेबल’ आलं. मी त्यातलं टेबल चारही पायांवर नीट उभं करून उच्चारतो.

“आजोबा, व्हेज्टबल,” ती म्हणाली.

“बरं,” मी म्हणालो. आणि म्हटल्यावर मला कुणाचा तरी आवाज आल्यासारखं झालं. मी चष्मा पुसायला घेतला.

“मग? पुढे काय झालं?” नात म्हणाली. “सांगा ना!”

पोरगी माझ्यापेक्षा शहाणी आहे. मी गोष्ट पुरी केली. कँटीनच्या आचाऱ्याला अखेर बढती मिळते, तिथपर्यंत.

रात्री मी हॉब्सन-जॉब्सन काढलं. मागे चार कोरी पानं आहेत. त्यांवर मी आजीचे शब्द लिहायला घेतले आहेत. आतापर्यंत एकसष्ट झाले. सौ. तिच्या माहेरचे सांगते; शेजारच्या काकूंनी कालच ‘जाकीट’ दिलं. पद्धत यूलसाहेबांचीच: शब्द, मूळ, अर्थ, मग साल आणि उतारा. ‘फ’ मध्ये आलो.

फलाट. मूळ इंग्रजी प्लॅटफॉर्म. गाडीची वाट पाहण्याची जागा. १९६९, आजी: “इंजान गप. सिंगल पडंना. फलाटाखाली गुडघाभर पाणी. पोरगं घरी तापानं फणफणलेलं. मी म्हणलं टिशीला—”

उताऱ्यापुढे दोन ओळी जागा सोडली आहे.